चार मोठे दात, दोन बारके

मी एक जुना कातडी पट्टा आहे, मित्रांनो. चार बोटं रुंद, तेल पिऊन काळा झालेला, मधोमध घड्याळ ठेवायला कातड्याचीच वाटी असलेला. एका जागी बसणं माझ्या स्वभावात नाही. खुंटीला टांगलं तर मी झुलतो, डब्यात ठेवलं तर झाकण वाजवतो. घरातली माणसं म्हणतात, उंदीर असेल. उंदीर कसला, मीच तो!

माझ्या अंगावर दातांच्या खुणा आहेत. चार मोठ्या आणि त्यांच्या शेजारी दोन बारक्या. त्या कुणाच्या, असं जो तो विचारतो. डब्यातल्या सुयांना मी सांगितलं होतं, की कोंडाण्याच्या लेण्यात बसणाऱ्या बिबट्याच्या आणि, मागाहून, त्याच्या पिल्लाच्याही. सुयांनी विश्वास ठेवला. कात्रीला सांगितलं, की माथेरानच्या एका साहेबाला भूक आवरेना म्हणून तो मला चावला, आणि बारक्या खुणा त्याच्या मडमेच्या. कात्री तोंड उघडून नुसती बघत राहिली. तुम्हाला मात्र खरं सांगतो. थोडं वाढवेन, पण ते घोडीच्या बाबतीत. माणसांच्या बाबतीत नाही.

आधी मी तंग होतो. खोगीर घसरू नये म्हणून घोड्याच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात, तो तंग. कर्जतकडच्या कोंडाणे गावातल्या धाकलूची चिमणी नावाची घोडी होती. आठ महिने ती माथेरानला पाहुण्यांना फिरवायची. चिमणी अशी पळायची, की तिची सावली अर्ध्या तासाने मागून यायची आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विचारायची, "आमची घोडी कुठल्या वाटेनं गेली हो?" एकदा तर सावलीला वाट सापडलीच नाही. दोन दिवस चिमणी बिनसावलीची हिंडली.

मी तिच्या पोटाला चिकटलेला, काळजाच्या अगदी खाली. ते धडधडलं की मी धडधडायचो. ती सवय लागली ती लागलीच.

पावसाळ्यात माथेरान बंद होतं आणि घोडे खाली गावात येतात. एकोणीसशे चव्वेचाळीस साली आषाढात धाकलू असाच घरी बसून होता. माझी टोकं घामाने कुजली होती, चिमणीला नवा तंग आला होता. हाताला चाळा म्हणून धाकलू ओटीवर बसून जुन्या खोगिराच्या कातड्याची कडी करायचा. पट्टी कापायची, पितळी खिळा ठोकायचा, की झालं मनगटातलं कडं. गावातले गडी ती मिरवत हिंडायचे. त्याची बायको अंबूबाई म्हणायची, "अवो, अर्धा गाव घोडा केलात. आता यांना चंदी कोन घालनार?"

अंबूबाई जिभेची तिखट होती, पण त्या साली तिच्या हसण्यात दम नव्हता. त्याचं कारण सांगायला हवं.

ती सुईण होती. आधीच्या पावसाळ्यात वरच्या वाडीतल्या शुक्राची बायको बुधी बाळंतपणात अडली होती. "होईल आता, होईल आता," म्हणत अंबूबाई थांबली. ती वेळ उन्हावरून ओळखायची. सावली उंबऱ्यावर आली की दुपार, तुळशीपाशी गेली की तिसरा प्रहर. पण त्या दिवशी आभाळात ऊनच नव्हतं. किती वेळ गेला ते कळलं नाही. बाळ आलं, पण रडलं नाही. बुधीने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. अंबूबाईला तेच जास्त लागलं.

आता बुधीला पुन्हा दिवस गेले होते आणि पुन्हा पावसाळाच होता.

अंबूबाई चार कोस चालत कर्जतच्या दवाखान्यात विमलबाई नर्सकडे गेली. विमलबाईंनी आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ तिच्या हातावर ठेवलं आणि काटे वाचायला शिकवले. म्हणाल्या, "अंबूबाई, जोराच्या कळा सुरू झाल्या की मोठा काटा बघून ठेवा. त्याचे दोन फेरे झाले आणि बाळ आलं नाही, तर कुणाचं ऐकू नका. स्वतःचंसुद्धा ऐकू नका. उचला आणि इकडे आणा."

घड्याळ आलं, पण ठेवायचं कुठे? लुगड्याला खिसा नसतो. कनवटीला खोचलं, तर हात कामात असताना ते काढणार कोण? मनगटावर बांधावं, तर तिथे हिरव्या बांगड्या. विमलबाई म्हणाल्या होत्या, "कामापुरत्या काढून ठेवा." अंबूबाई म्हणाली होती, "नवरा जिता हाय माजा, बाई." तो विषय तिथेच मिटला.

हे सगळं ऐकून धाकलूने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात मी होतो.

त्याने मला दिवसभर कोमट पाण्यात भिजवलं. काचेच्या तुकड्याने खरवडलं, तेव्हा चिमणीचा चार वर्षांचा घाम निघाला. कडावच्या बाजारात जोडे शिवणाऱ्या मालोजीकडून कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी मागून आणली, आणि माझी कुजकी टोकं कापली. घड्याळाएवढी लाकडी चकती ओल्या कातड्यावर दाबून वाटी केली, काटे दिसायला वर गोल भोक ठेवलं. मेणात ओढलेल्या दोऱ्याला दोन्ही टोकांना दोन सुया लावून, एकाच भोकातून दोन्हीकडून टाके घातले. मागचा काठ त्याने उंच दुमडला, म्हणजे कोपराकडे सारलेल्या बांगड्या घड्याळावर घसरणार नाहीत. शेवटी करंजाचं तेल चोळलं. इतकी माया मला तंग असताना कुणी केली नव्हती.

आता, तंग आवळताना घोडी लबाडी करते. पोट फुगवून उभी राहते. म्हणून हुशार माणूस ती श्वास सोडेपर्यंत थांबतो, आवळतो, चार पावलं चालवतो आणि आणखी एक भोक आवळतो. धाकलूला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. त्याने मला अंबूबाईच्या मनगटाभोवती धरलं आणि म्हणाला, "श्वास सोड गं."

"अवो, मनगटाला बांधताय ना?"

"सोड म्हनतो ना! आता चाल जरा."

तिला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावून त्याने मला आणखी एक भोक आवळलं. शेजारणी कुंपणावर हसून हसून वाकल्या. "अंबू, आता खरारा पन कर म्हनावं!"

आणि तेव्हाच, मित्रांनो, मला खालून ती ओळखीची धडधड लागली. बारीक होती, पण पळत होती. माणसाच्या मनगटातही एक घोडी असते, हे मला तेव्हा कळलं.

भाद्रपदातल्या एका सकाळी शुक्रा धावत आला. अंबूबाई चिमणीवर बसली, धाकलूने लगाम धरला. वाडीवर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि बुधीला जोराच्या कळा लागल्या होत्या. अंबूबाईने मोठा काटा बघितला. त्या दिवशीही आभाळात ऊन नव्हतं.

काट्याचा एक फेरा झाला. शुक्राची आई म्हणाली, "होईल आता." काटा अर्धा फिरला. अंबूबाईच्या तोंडूनही तेच निघालं, "होईल आता." आणि तिने जीभ चावली. तिचं मनगट माझ्याखाली असं पळत होतं, की मला वाटलं, आम्ही दोघं इथेच उभ्या उभ्या माथेरान गाठणार. मी काय करू शकत होतो? मी फक्त आवळलेला राहिलो.

अकरा वाजले. अंबूबाई उठली. "डोली बांधा रं."

"नदीला पानी हाय," शुक्रा म्हणाला. "थोडा दम धर की."

"मागच्या सालाला धरला व्हता. हा काटा बघ, शुक्रा."

शुक्रा म्हणाला, "मला काटा कळत नाय गं. तुजं तोंड कळतंय." आणि तो बांबू आणायला पळाला.

घोंगडी बांबूला बांधून चौघांनी बुधीला उचललं. उताराला प्रत्येक हिसक्यागणिक ती ओठ चावायची, ओठातून रक्त आलं. तेव्हा अंबूबाईने मला सोडलं, घड्याळ पदराच्या गाठीत बांधलं आणि मला बुधीच्या दातांत दिलं. "चाव. घोडीचा हाय, त्याला सवय हाय."

बुधी चावली. आई गं! बिबट्या काय चावेल? पण मी हूं की चूं केलं नाही. हे वाढवून सांगत नाही.

नदीत धाकलू आणि चिमणी पुढे, पाय कुठे लागतो ते दाखवत. पाणी कमरेला आलं. अंबूबाईने एका हाताने डोलीचा बांबू घट्ट धरला होता. बांगड्या अडवणारा मी जागेवर नव्हतो. त्या मनगटावर आल्या, बांबूवर आपटल्या आणि एका दमात साऱ्या वाढल्या. हिरव्या काचा पाण्यात गेल्या. अंबूबाईची मान झटकन वळली, पुढे, धाकलूकडे.

धाकलूने तिचा पांढरा पडलेला चेहरा बघितला, मग तिचं मोकळं मनगट. नाकातोंडातलं पाणी फुंकत तो ओरडला, "बघतीस काय गं? हाय मी अजून! चल फुडं!"

पदराच्या गाठीतलं घड्याळ त्याच पाण्यात एक वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं. आम्ही मात्र थांबलो नाही.

दवाखान्यात बुधीच्या दातांतून मला विमलबाईंनी सोडवलं आणि शुक्राच्या हातात दिलं. दार लागलं. बाहेर शुक्रा मला पिळत बसला. अंबूबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नाही. घड्याळ बंद होतं आणि ऊन नव्हतं.

मग आतून रडणं ऐकू आलं. कर्कश, रागावलेलं, लांबलचक.

विमलबाई दारात आल्या. "मुलगी आहे. वेळेवर आणलंत, अंबूबाई."

अंबूबाई मोठ्याने रडली.

यापुढची गोष्ट माझ्या दुःखाची आहे. घड्याळ दुरुस्तीला मुंबईला गेलं, ते महिनोन्‌महिने आलंच नाही. रिकामा पट्टा काय कामाचा? मी सुयांच्या डब्यात गेलो. दिवाळी गेली, शिमगा गेला. तेल नाही, वारा नाही. अंगावर पांढरी बुरशी चढली, कातडं कडक झालं. बाहेर चिमणीचे खूर वाजले की मी डब्यात उसळायचो आणि सुयांना बिबट्याच्या गोष्टी सांगायचो. दुसरं करणार काय?

ज्येष्ठात बुधी लेकीला घेऊन अंबूबाईकडे आली. पोर रांगत होती. तिने डबा पाडला, सुया सोडून नेमका मला धरला आणि तोंडात घातला. तिला खालचे दोन दात नुकतेच आले होते.

"अगं टाक, टाक! घान हाय ते!" बुधी धावली. मला हातात घेतल्यावर तिची बोटं थांबली. चार मोठ्या खुणा आणि त्यांच्या शेजारी, ओल्या, ताज्या, दोन बारक्या.

"चावू दे की," अंबूबाई म्हणाली. "आयच्या पावलावर पाऊल टाकतीय."

त्याच दुपारी तिने माझी बुरशी पुसली, करंजाचं तेल चोळलं आणि मला दाराजवळच्या खुंटीला टांगलं. पुढच्या महिन्यात घड्याळही आलं. त्याला आता पाच वर्षं होतील.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना पट्टा डब्यात पडला असेल तर त्याला बाहेर काढा. कातड्याला तेल लागतं आणि कुणाचं तरी मनगट लागतं. त्याच्यावर खुणा असतील तर त्या मात्र घासून काढू नका. तो खोटं सांगेल, पण खुणा खोटं सांगत नाहीत. आणि एवढं सगळं केल्यावर त्याला... थांबा. अंगणात कुणीतरी धापा टाकत आलंय. "अंबूबाय हाय का गं घरात?"

अंबूबाईने बांगड्या कोपराकडे सारल्या. हात खुंटीकडे आला. बाकीचं पुन्हा कधीतरी डब्यातल्या सुयांना विचारा. मला जायचंय.