वॉल्टरच्या गुडघ्यासाठी

“थांब, थांब. म्हणजे त्यानं आपल्या अंगणातलं बर्फ शेजाऱ्याच्या फाटकापुढं लोटलं?” हन्ना सिस्टरांनी विचारले.

“हो. आणि शेजाऱ्यानं पहाटे उठून ते परत लोटलं. सगळा हिवाळाभर हेच. शेवटी प्रकरण नगरपालिकेत गेलं,” मी पुस्तकाचे पान उलटत म्हणालो.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसलेल्या छबूबाईंनी मान वर केली. “आमच्या पारनेराकडं बांध कोरत्यात, तिकडं बरफ ढकलत्यात. मानूस सगळीकडं त्योच, सिस्टर.”

सिस्टर हसल्या. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. फक्त खांदे हलत आणि काचबिंदूने विझलेले डोळे किंचित मिटत. त्या हसण्यासाठी मी रोज यायचो.

पस्तीस वर्षे त्यांनी प्रसूतीच्या वॉर्डात काढली होती. “फैयाज, तू जन्मलास तेव्हा रडला नव्हतास. तुझ्या पाठीवर पहिली थाप माझी,” असे त्या सांगत. रडण्याचा तो आळस मी पुढे बोलण्यातही जपला. चारचौघांत माझे शब्द दाराआड उभे राहतात. दुसऱ्या कुणी लिहिलेले वाक्य हातात असेल, तरच मला आवाज सापडतो. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो आणि नागापूरच्या एका कारखान्यात खोक्यांवर लेबले चिकटवू लागलो. पहिली पाळी तीनला सुटे. चारच्या सुमारास मी सिस्टरांच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पोहोचे, आणि आम्ही कॅनडाला जात असू.

पुस्तके सात होती. सिस्टरांची मुलगी जास्मिन तिकडे गेली, त्या वर्षीच तिने ती एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली होती. पहिल्या पानावर लिहिले होते, ‘आई, मी अशाच गावात राहते. वाच आणि हस.’ सातही पुस्तकांत तेच जग होते: आपल्या श्रीरामपूरएवढे एक शहर, त्याच्या कडेला गोठणारे तळे, बर्फ उपसणारी दोन यंत्रे आणि एकमेकांशी अबोला धरलेले त्यांचे दोन चालक. शहरातली एकुलती एक बस वॉल्टर नावाचा म्हातारा चालवी. त्याचा गुडघा इतका दुखे की ब्रेक दाबण्याआधी तो प्रवाशांना मोठ्याने सूचना देई. शस्त्रक्रियेची त्याची तारीख आठ महिने पुढे ढकलली जात होती. मी परिच्छेद इंग्रजीत वाचायचो, मग मराठीत सांगायचो. विनोद वाटेत थोडा सांडायचा. उरलेला सिस्टर आपल्या मनाने भरून घ्यायच्या.

दर शनिवारी त्यांची आणखी एक सेवा माझ्याकडे होती. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब मंडळींच्या विनंत्या वाचून दाखवत, आणि सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करी. ती चिठ्ठी सिस्टर सांगत आणि मी लिहीत असे. आम्ही पाचव्या पुस्तकात असताना एका शनिवारी त्या म्हणाल्या, “लिही. वॉल्टर, मुक्काम कॅनडा. गुडघ्याची शस्त्रक्रिया आठ महिने लांबली आहे. ती लवकर व्हावी, ही विनंती.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. लाजाळू माणूस ‘का’ विचारत नाही. मी लिहिले.

सोमवारी जिना चढतो तोच छबूबाईंनी मला अडवले. “लई घोळ झालाय बग. काल चर्चात समद्यांनी त्या वाल्टरसाठी डोळं मिटलं. मग कुनीतरी जास्मिनताईला मेसेज धाडला, ‘लगीन केलं न्‌ कळवलं न्हाई व्हय?’ सकाळपासनं चार बाया यून गेल्या. जावई गोरा हाय का, म्हनून इचारत्यात!”

आत सिस्टर ताठ बसल्या होत्या.

“सिस्टर, तो पुस्तकातला आहे,” मी म्हणालो.

“मला काय शिकवतोस? डोळे गेलेत माझे, डोकं नाही,” त्या म्हणाल्या. “चर्चमधली स्टेला मुलाच्या व्हिसासाठी विनंती देते. अँड्र्यू सुनेच्या बाळंतपणासाठी. मी काय देऊ? जास्मिनला विचारलं की म्हणते, बरी आहे. चार वर्षं बरीच आहे. इतकं बरं कुणी असतं का, बाळा? वॉर्डात जी बाई नुसती ‘बरी आहे’ म्हणायची, तिच्याकडं मी आधी धावायचे.”

“म्हणून वॉल्टर?”

“त्या देशातल्या एकाच माणसाचं दुखणं मला माहीत आहे. मग त्याचं मागितलं.”

मेथीच्या काड्या गोळा करणारे छबूबाईंचे हात थांबले.

“आता ऐक,” सिस्टर म्हणाल्या. “जास्मिन तुला फोन करील. आईला भ्रम होतो का, म्हणून विचारील. तू हो म्हण.”

“सिस्टर, हे—”

“हो म्हण. धडधाकट आईसाठी कोण एवढ्या लांबून येतं? एकदा येऊ दे. तिच्या तोंडावरून हात फिरवला की मला कळेल काय झालंय ते.”

फोन बुधवारी आला. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो. जास्मिनताई सरळच बोलल्या, “फैयाज, खरं सांग. आईला पुस्तकातली माणसं खरी वाटायला लागलीत का?”

माझ्या हातात दुसऱ्याने दिलेला एकच शब्द होता, आणि दुसऱ्याचा शब्द मला नेहमीच सोपा जातो.

“हो,” मी म्हणालो.

मग त्या अगदी हळू बोलू लागल्या. “मला येता येणार नाही रे. कागद अडकलेत इथं. एकदा बाहेर पडले तर परत आत घेतील का, माहीत नाही. नोकरी दोनदा गेली. हे आईला सांगू नकोस, तुला शपथ आहे. बरी आहे म्हण. पुण्याला अशा पेशंटसाठी एक घर आहे, मी बोलून ठेवते. तिथं निदान कुणी जवळ असेल तिच्या.”

तेव्हा मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच माझी स्वतःची वाक्ये एकामागून एक बाहेर आली. “ताई, त्यांना सगळं कळतं. तुम्ही यावं म्हणून त्यांनीच मला हो म्हणायला सांगितलं.”

“तिला घर सोडायचं नाही म्हणून आता तू तिला सावरून घेतोयस,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “तू चांगला मुलगा आहेस, फैयाज.”

पुढच्या दोन दिवसांत मी तीनदा फोन केला, लांबलचक निरोप लिहिले. खोटे एका शब्दात पटले होते. खऱ्याला माझ्याजवळचे सगळे शब्द देऊनही ते पटेना.

सिस्टरांना मी पुण्याचे सांगितले. जास्मिनताई येत नाहीत, हेही सांगितले.

“का येत नाही?”

“कामातून सुटका नाही.” आणि मग, शपथेप्रमाणे, “पण बऱ्या आहेत.”

सिस्टरांनी माझ्या दिशेने चेहरा वळवला. “तूही तेच म्हणालास,” त्या म्हणाल्या. त्यांना नेमके काय कळले असेल, ते विचारायचे धैर्य मला झाले नाही.

“तुम्ही स्वतः बोला ना त्यांच्याशी,” मी विनवले. “तारीख सांगा, पाढे म्हणा, काहीही करा. त्यांची खात्री पटेल.”

“आणि मग?” त्या शांतपणे म्हणाल्या. “तिला माझ्यासाठी एवढंच करता येतंय. ते मोडून टाकलं, तर तिच्या हाताला काय राहील?”

पाचवे पुस्तक आम्ही संपवले. त्यात वॉल्टरची तारीख आली नाही.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, पुण्याहून गाडी आली. तिच्यातून आलेली सेविका विशीतली होती, निळ्या गणवेशातली, पहिल्याच नोकरीत असावी. तिच्या हातात एक छापील फॉर्म होता. सिस्टर बहिऱ्याही आहेत असे समजून ती ओरडून विचारू लागली.

“आजी! आज वार कोणता?”

त्याच सकाळी सिस्टरांनी छबूबाईंना बजावले होते, गुरुवार आहे, नळ नऊला जाईल, हंडा आधी भर.

“वार?” सिस्टर म्हणाल्या. “नाही बाई आठवत.”

मुलीने खूण केली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. गळ्यापर्यंत आलेला ‘गुरुवार’ मी तिथेच अडवला. तो बोलायचा अधिकार आता माझा राहिला नव्हता. छबूबाई पदराआड तोंड लपवून भिंतीकडे वळल्या.

फॉर्म भरून झाला. मुलीने सिस्टरांचे मनगट घट्ट पकडले आणि त्यांना जिन्याकडे ओढले. पहिल्या पायरीवर सिस्टर थांबल्या. त्यांचा आवाज एकाएकी बदलला. वॉर्डातल्या सगळ्या खाटांना ऐकू जाईल असा झाला.

“मनगटाला धरून पेशंटला ओढायचं नसतं. कोपराखाली हात घाल. हं. आणि उतरताना तू एक पायरी खाली राहा, म्हणजे तोल गेला तर तुझ्यावर येईन.”

गोंधळलेल्या मुलीने हात बदलला आणि ती एक पायरी खाली जाऊन उभी राहिली. सिस्टरांनी तिची पकड चाचपून पाहिली, तिचा अंगठा किंचित सरकवला.

“असं,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःला तिच्या हवाली केले.