कप्तान बांध राखतो

आमच्या खाडीच्या बांधावर एक गोरा कप्तान उभा आहे. दगडाचा. नाक झिजलंय, मिशा शाबूत. हा साहेब गलबतं घेऊन आला, आमच्या गावावर तोफा डागल्या, आणि जिंकला म्हणून त्याच्याच सरकारनं त्याचा पुतळा इथं बसवला. मार आम्ही खाल्ला, मान त्याला. पुढं एका उधाणात सगळा बांध फुटला, कप्तानाच्या पायाखालचा तेवढा टिकला. टिकणारच, पाया पुरुषभर खोल. तेव्हा आमच्या घरातल्या जुन्या माणसानं त्याला शेंदूर फासला आणि राखणदार केला. लोक म्हणतात, अडाणी होते. मी म्हणते, ज्यानं तोफा डागल्या त्यालाच राखणीला बसवला, ह्याला अक्कल लागते. पगार काय, तर वर्षाला एक कोंबडा. त्याचीही तंगडी मानकरीण म्हणून माझ्या घरी येते.

यंदा आमचा सरपंच हर्षद उठला. माझ्या चुलत दिराचा मुलगा. तीन डंपर घेतल्यापासून चालतोही डंपरसारखा.

"काकी, शत्रूचा पुतळा ठेवायचा न्हाय. पायासकट उपटू, तिथं सेल्फी पॉइंट करू."

बांधाच्या आत माझी भाताची खाचरं. पाया निघाला की पहिल्याच उधाणाला खारं पाणी आत, मग चार-पाच वर्षं तिथं गवतही धरायचं नाही. हे त्याला तीनदा सांगितलं. तो मोबाइल बघत होता.

"बरं," मी म्हटलं, "राखणदाराला उठवायचा तर कौल घे. मागाहून डंपर खाडीत गेला तर माझ्याकडं रडत यायचं न्हाय."

डंपरचं नाव काढल्यावर गडी मऊ झाला.

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि आधी कुठली पडते ते बघायचं. प्रश्न घालायचा मान माझा, वेळ ठरवायचाही माझाच. मी दुपार धरली. दुपारचा वारा समुद्रावरून येतो, आणि कप्तानाचा उजवा खांदा समुद्राकडं.

सगळं गाव जमलं. मी मोठ्यानं म्हटलं, "कप्तानबाबा, राहायचं असंल तर उजवी दे, जायचं असंल तर डावी."

उजवी पाकळी उडाली ती थेट आमच्या शेजारच्या धर्माच्या टोपीवर. धर्मा म्हणाला, "घाई बघा बाबाची. त्याला आता विलायत नको."

संध्याकाळी हर्षद अंगणात आला. "काकी, पाकळी वाऱ्यानं पडली."

"मग देव काय हातानं ढकलणार?"

"उद्या सकाळी परत कौल घेऊ. सकाळचा वारा जमिनीकडून असतो."

पोरगा अगदीच डंपर नव्हता तर.

"घेऊ की," मी म्हटलं. "सकाळी प्रश्न उलटा घालीन."

तो ओटीवर बसला, चहा प्यायला, आणि परत त्यानं कौलाचं नाव काढलं नाही. सेल्फी पॉइंट बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला झाला. तिथून खाडी दिसत नाही, मधे उभे केलेले त्याचे डंपर तेवढे दिसतात. माझं भात मात्र कंबरेला लागलंय.