एकटीला न आलेली लाट

मित्रांनो, माझे दात झिजलेत, लोकर विरळ झालीय. औरंगाबादजवळच्या एका संशोधन केंद्रातली मी म्हातारी मेंढी.

फुलंब्रीकडच्या माळावर दगडाबाईंच्या कळपात मी जन्मले. आईच्या कुशीला डोकं घासत चालायला शिकले. आम्हा मेंढ्यांना डोळ्यांसमोर दुसरी मेंढी लागते. ती दिसली नाही की जीव घाबरा होतो. केंद्रावर आणलं तेव्हा मला लोखंडी पिंजऱ्यात एकटीलाच उभं केलं. पुढं सरकता येईना, मागं वळता येईना. मानेच्या शिरेत बारीक नळी आणि तिच्यातून वरचेवर रक्त काढणं. समोर नुसती भिंत.

संशोधक दमयंतीबाई आलेल्या मेंढपाळांना सांगत, “मेंदू थांबून थांबून इशारे देतो. त्यावर त्याच्याखालची ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते आणि ते मेंढीच्या पोटातल्या बीजकोशाला कामाला लावतं. बीजकोशही उलट निरोप धाडतो. एक निरोप मेंदूला आवरून धरतो. तो ओसरला, की दुसऱ्या निरोपानं हार्मोनची मोठी लाट उसळते आणि बीज सुटतं. ही लाट हवी तेव्हा आणता आली, तर चारा असेल त्या दिवसांत तुमच्या मेंढ्या वितील.”

त्या आवरून धरणाऱ्या हार्मोनमध्ये भिजवलेला स्पंज माझ्या अंगात ठेवला होता. तो काढला, सगळ्यांनी वाट पाहिली. लाट आली नाही. पुन्हा तेच केलं, तरीही नाही.

राखणदार कडूबा म्हणाला, “बाई, ही भाकड दिसती. बाजारात धाडू हिला.”

बाजारात गेलेली मेंढी परतत नाही, हे मी कळपातच पाहिलं होतं. मी गजांना धडका दिल्या. नाक सोलवटलं, गज तसेच राहिले.

बाईंनी माझं रक्त पुन्हा तपासलं. मग पिंजऱ्याजवळ येऊन म्हणाल्या, “कडूबा, हिच्या रक्तात भीतीचं हार्मोन भरलंय. त्यानं मेंदूचे इशारेच दाबलेत. ही भाकड नाही. आपण हिला एकटी ठेवलीय.”

“मंग सोडायची का?”

“काम संपेपर्यंत सोडता येत नाही. हिच्यासमोर दुसरी आणून बांध.”

कडूबानं काळ्या कानांची एक मेंढी आणली. तिनं गजांतून नाक पुढं केलं आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर रवंथ केला. पुढच्या खेपेला लाट आली. माझ्याजवळ मेंढा सोडला आणि यथाकाल मला कोकरू झालं. अंगावरचं दूध सुटल्यावर त्याच्या कानात बिल्ला टोचून त्याला दुसऱ्या मेंढवाड्यात नेलं. मी ओरडत राहिले.

मग बाईंची बदली झाली. काळ्या कानांची गेल्या थंडीत वारली. माझ्या रक्तात मोजण्यासारखं आता काही उरलं नाही, म्हणून समोर कुणाला बांधायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. वैरण, पाणी वेळेवर मिळतं; समोर पुन्हा तीच भिंत.

मित्रांनो, तुमच्या कामासाठी आम्हाला कोंडावं लागत असेल. माझं एवढंच मागणं आहे, की काम झाल्यावरही कुणाला भिंतीकडं तोंड करून एकटं ठेवू नका. पिंजऱ्याची कडी तुमच्या बाजूला असते.