हवेतली गाडी

ज्या माणसामुळे गाडीची किल्ली माझ्या हातात परत आली, त्याला मी तोवर कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं मात्र मला पोटभर पाहिलं होतं. पण ते पुढं. आधी दंडाचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा पहिल्याच वळणाला रस्ता सोडून शेतात शिरला.

आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर आठवड्याला मी तिला व्यायामाच्या केंद्रात नेतो. सकाळी तिथली बाई तिचा पाय वाकवून घेते, मग जेवण, आराम, आणि दुपारी कोमट पाण्याच्या हौदात चालायचं. मधल्या वेळात नवऱ्यांचं तिथं काही काम नसतं. केंद्रामागचं पार्किंग एका खासगी कंपनीकडे आहे. तिथं माणूस म्हणून औषधालाही नाही. आत शिरताना एक कॅमेरा, बाहेर पडताना एक. थोडा वेळ फुकट, त्यापुढं दंड. म्हणून मी सकाळी हिला आत पोचवून गाडी बाहेर काढतो आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला येतो.

तर एक दिवस लेकीच्या नावानं पत्र आलं, कारण गाडी तिच्या नावावर. सोबत दोन फोटो. एकात सकाळी आमची गाडी आत शिरतेय, दुसऱ्यात संध्याकाळी बाहेर पडतेय. म्हणजे दिवसभर ती तिथंच उभी होती, असं कंपनीचं म्हणणं. दंड एवढा, की त्यात थोडी भर घातली असती तर मी ते पार्किंगच विकत घेतलं असतं.

लेक दातांची डॉक्टर. तिच्यासमोर माणसं तोंड उघडतात पण बोलत नाहीत, त्यामुळे बोलणारा माणूस दिसला की ती जरा बावरते.

“बाबा, दिवसभर कुठं होतात?”

“टायरवाल्याकडे. मागच्या चाकातून टकटक आवाज येत होता.”

“आणि गाडी?”

“गाडी हवेत होती.”

लेकीनं आईकडे पाहिलं. आमच्या घरची ही रीतच आहे. मी काही सांगितलं की सगळे आधी हिच्याकडे बघतात, आणि ही भाव ठरवते. ‘निम्मं धरा’ म्हणते. फारच रंगलो असेन तर ‘पाव धरा’. मुलं लहानपणापासून त्याच हिशेबानं वाढली, आणि माझ्या गोष्टी ऐकणाऱ्या परक्यांनाही मी हा हिशेब आधीच सांगून ठेवतो. या वेळी मात्र ती म्हणाली, “मला काय विचारतेस? मी पाण्यात होते.”

मग लेक माझ्याशेजारी येऊन बसली आणि इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटशी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात म्हणाली, “बाबा, दंडाचं काही नाही. तो मी भरते. पण तुम्ही गाडीत बसल्या बसल्या झोपलात, दिवस गेला, आणि तुम्हाला ते आठवत नाही. याची मला भीती वाटते. किल्ली द्या.”

“अगं, खरंच हवेत होती! चारी चाकं काढलेली!”

“हो ना. आणि बाहेर पडताना गाद्यांचा डोंगर चालत होता, तेही सांगितलंत मघाशी.”

किल्ली तिच्या पर्समध्ये गेली. पर्सची चेन लागली, तेव्हा जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

मी कंपनीला लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता लिहिलं: ‘सदर दिवशी दुपारी माझी गाडी आपल्या पार्किंगमध्ये नसून हवेत होती. तिला चाके नव्हती. मी तिच्याखाली उभा होतो.’ आठवड्यानं उत्तर आलं की आपले म्हणणे लक्षात घेतले, पुराव्याअभावी ते मान्य करता येत नाही. पुराव्यासाठी मुदत मात्र दिली होती. पुरावा कुठून आणू? टायरवाल्याचा स्वभाव असा, की गाडीला नवीन काही बसवलं नाही तर तो बिल करत नाही. चारी चाकं काढून तपासली, तर मागच्याच्या खाचेत एक खडा अडकलेला. खडा माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “काका, हा तुमचाच माल. याचे कसले पैसे?”

पुढच्या आठवड्यात हिला न्यायला भाड्याची गाडी आली. मी मागच्या सीटवर, मांडीवर हिची काठी. चालक हिला म्हणाला, “आजी, आजोबांना पण आत सोडायचंय का?” मला! जणू माझाही पाय कोणी वाकवायचा होता. हसलो खरा, पण आतून फार वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या सीटवर बसल्या बसल्या मनात आलं: माणूस जन्मभर गोष्टी रचतो. मग हीसुद्धा मीच रचली नसेल कशावरून? खरंच झोपलो असेन तर? तो खडा, तो टायरवाला, सगळं स्वप्नात पाहिलं असेल तर? आता हे घरी कोणाला सांगणार? मी खरं सांगितलं असतं तरी हिनं निम्मंच धरलं असतं.

पण हिनं ते न सांगताच ओळखलं. रविवारी लेक आली तशी ही काठी आपटत उठली. “चला, टायरवाल्याकडे. तू चालव, मी पुढं बसते. तुम्ही मागं. आणि अहो, तिथं पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.”

“आई, कशाला उगाच?”

“ह्यांच्या थापा मी जन्मभर ऐकल्यात. थाप मारताना ह्यांचा चेहरा फुलतो. परवा हे रडवेले झाले होते. ते खरं असणार.”

मी मागं बसून खिडकीबाहेर बघत राहिलो. एवढी वर्षं बायकोनं मला अगदी शंभर टक्के धरल्याची ती पहिलीच वेळ.

टायरवाल्यानं मला बघताच हात पुसले. “या काका! खडा परत आला की काय?”

लेकीचा चेहरा जरा हलला. “म्हणजे हे खरंच आले होते? कोणत्या दिवशी?”

इथं तो अडखळला. “ताई, आले होते एवढं नक्की. वार काही छातीठोक सांगता येत नाही. काका तर हवा भरायलाही येतात आणि तासभर बसतात.”

त्याची बायको गल्ल्यावर होती. ती म्हणाली, “एक मिनिट. त्या दिवशी काकांनी कोणती गोष्ट सांगितली?”

“रस्त्याची,” मी म्हणालो. “वाऱ्यानं रस्ता गुंडाळला ती.”

“मग मामंजींना विचारते,” म्हणून ती जिना चढून गेली. वरूनच तिची हाक आली, “सगळे वर या!”

वर एक स्वच्छ खोली, खिडकीपाशी पलंग, आणि पलंगावर टायरवाल्याचे वडील. कंबर मोडल्यापासून ते खाली उतरलेले नाहीत. मी जिथं तासन्‌तास बडबडत बसायचो, त्याच्या बरोबर डोक्यावर हा माणूस पडून होता, आणि मला पत्ताही नव्हता. सून गल्ल्यावर बसून माझ्या गोष्टी फोनवर टिपायची आणि वर पाठवायची. त्यांनी एकही पुसली नव्हती.

“या, या,” ते उशीवर सरकत म्हणाले. “पडद्यावर दिसता त्यापेक्षा बुटके आहात.”

“आडवं पडून बघितलं की माणूस उंच दिसतो,” मी म्हणालो. ते एवढे हसले की सुनेला पाणी द्यावं लागलं.

मग त्यांनी फोन चाळला. “हत्तीची नाही... विहिरीची नाही... ही घ्या, रस्त्याची.”

पडद्यावर मी होतो. दोन्ही हात पसरून वारा दाखवत होतो. आणि माझ्या डोक्यावर, लिफ्टवर चढलेली, चाकं काढलेली आमची गाडी. नंबराची पाटी बरोबर माझ्या टकलाच्या वर, जणू मला मुकुटच घातलाय. वर तारीख आणि वेळ. तोच दिवस. भर दुपार.

लेकीनं ते पुन्हा लावलं. मग म्हणाली, “म्हणजे सकाळी बाहेर पडताना कॅमेऱ्यानं गाडी पाहिलीच नाही, म्हणून संध्याकाळचं आत येणंही त्यांनी धरलं नाही. पुढं खरंच काही होतं का?”

“ट्रक होता. गाद्या नेणारा. मी त्याला अगदी चिकटून बाहेर पडलो.”

“मग तसं सांगायचं ना, बाबा! डोंगर काय!”

“तू ट्रक पाहिला असतास तर तूही डोंगरच म्हणाली असतीस.”

ती हसली नाही. पर्स उघडली, किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवून माझी मूठ मिटवली. मूठ बराच वेळ सोडली नाही. “मला वाटलं होतं, तुम्ही हळूहळू चाललात,” एवढंच म्हणाली.

मी सगळ्यांकडे पाहिलं. टायरवाला जिन्यात उभा होता, सून दारात, ही खुर्चीत, आणि तो पलंगावरचा माणूस. माझा हरवलेला दिवस या लोकांनी जपून ठेवला होता, आणि तोही कोणी न सांगता.

“दंड रद्द होईलच हो,” पलंगावरून आवाज आला, “पण ते जाऊ द्या. चित्रण मध्येच तुटलंय. तुम्ही रस्त्याच्या गुंडाळीत सायकलसकट अडकलात, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून सुनेनं फोन खाली ठेवला. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. बाहेर कसे आलात?”

मनापासून सांगतो, मला आठवेना. गोष्ट कधीकाळी सांगता सांगता सुचलेली. शेवट कुठं गेला कोणास ठाऊक.

“पोस्टमन आला,” लेक म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“गुंडाळीच्या आत एक घर होतं,” ती पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली, “आणि त्या घरचं पत्र त्याच्याकडे होतं. पत्र दिल्याशिवाय त्याला घरी जाता येईना. म्हणून त्यानं रस्त्याला एक लाथ मारली. रस्ता उलगडत उलगडत पार डोंगरापर्यंत गेला, आणि बाबा सायकलवरून घंटी वाजवत बाहेर आले. मी पहिलीत असताना ही गोष्ट अशीच होती.”

म्हातारबाबांनी डोळे मिटून ते सगळं नीट पाहून घेतलं. मग डोळे उघडून आमच्या हिला विचारलं, “किती धरायचं, वहिनी?”

ही म्हणाली, “सगळं.”