स्टेपनी सुटली!

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीचं जादा चाक. चार चाकं रस्त्यावर मजा मारतात आणि पाचवं मागच्या दाराला लटकवून ठेवतात, कधी लागलंच तर म्हणून. ते पाचवं मी. अंगावर जाड कापडाचं कव्हर, कव्हरला एक भोक, आणि भोकातून दिसणारं जग नेहमी मागे पळणारं. गाडी कुठे चाललीय ते मला कधी कळलंच नाही. कुठून निघालीय तेवढंच दिसायचं.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे इतका उकाडा असायचा की कामगार घरून कच्ची अंडी आणायचे आणि जेवणाच्या सुट्टीत सोलून खायचे. हसू नका, खरं सांगतेय! आम्हा पाच बहिणींना तिथे एकाच दिवशी साच्यातून काढलं. तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ही पळेल बघा." ऐकून मी अशी फुगले! आणि दुसऱ्याच दिवशी मला लटकवलं.

आमची गाडी म्हणजे कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर. आत झोपायला दोन बाक, छोटा ओटा, कपबशा ठेवायचं कपाट. मालकीणबाई जन्मभर शहरातली बस चालवलेल्या. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. पायाला भिंगरी! नोकरी संपली तशी त्यांनी साठवलेल्या पैशांतून ही गाडी घेतली. सुरुवातीला खूप हिंडलो. बहिणींचे पाय चिखलात, वाळूत, गवतात. मी आपली मागे कोरडी. मग कॅप्टनचा गुडघा दुखायला लागला आणि गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. माझ्या कव्हरात एका चिमणीने घरटं केलं. तिची पिल्लं माझ्या अंगावर नाचली, उडायला शिकली, निघूनही गेली. मी तिथेच. रात्रंदिवस तळमळायचे. लटकलेल्याला कूससुद्धा बदलता येत नाही हो!

एक दिवस कॅप्टनचा मुलगा अंगणात आला. "आई, गाडी विकू या. सोमवारी गिऱ्हाईक येतंय बघायला."

"मला न विचारता?"

"तुझा गुडघा बघ. कुठे घाटात अडकलीस तर मला काम टाकून धावत यावं लागेल."

कॅप्टनने गुडघ्यावर थाप मारली. मग म्हणाल्या, "एक फेरी मारते मैत्रिणींबरोबर. रविवारी संध्याकाळी गाडी दारात आणते. मदतीसाठी तुला एक जरी फोन केला, तर खुशाल विक."

"आणि नाही केलास तर?"

"तर गिऱ्हाइकाला तू स्वतः सांगायचं, गाडी विकायची नाही."

"ठरलं," तो म्हणाला. पाठ फिरवल्यावर तो हसला, ते फक्त मला दिसलं. सगळ्यांची पाठ फिरल्यावरचं बघायचं, हेच तर माझं काम.

शनिवारी सकाळी निघालो. बरोबर दोन मैत्रिणी. एक दातांची डॉक्टर, ती दातवाली. दुसरीची बेकरी, ती पाववाली. शाळेपासूनच्या तिघी, आणि भांडणंही शाळेपासूनचीच. बेत असा, की द्राक्षांच्या मळ्यांतून फिरायचं, जिथे वाइन करतात तिथे थांबायचं आणि चांगलंचुंगलं खायचं. वाइन मोठ्या माणसांसाठी असते, तुम्ही नाक खुपसू नका.

पहिल्या मळ्यावर ग्लास हलवून, डोळे मिटून वास घेणं सुरू झालं.

"यात लाकडाचा वास आहे," दातवाली म्हणाली.

"मला तर आपल्या शाळेच्या बाकाचा येतोय," पाववाली म्हणाली. "खाली च्युइंगम चिकटवलेल्या."

"तूच चिकटवायचीस!"

कॅप्टन एक थेंब घेत नव्हत्या. "गाडी माझ्या हातात आहे. मला ते चीज सरकवा इकडे." लोण्यात परतलेले मशरूम, मधात बुडवलेलं चीज, भाजलेल्या भोपळ्याचं सूप, सगळं त्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं. बसवतच नव्हतं त्यांना. चमचा खाली ठेवला की, "चला, पुढे!" मला वाटायचं, ही बाई माझीच सहावी बहीण.

गोंधळ झाला दुसऱ्या मळ्यावर. पाववालीने बाटल्या घेतल्या इतक्या, की कपबशांच्या कपाटातही मावेनात. तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या मधल्या खोबणीत तिने चार बाटल्या रुमालात गुंडाळून बसवल्या. कव्हर काही लागेना. इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या हवेच्या तोंडाची पिन नखाने दाबली.

फुस्स.

"स्टेपनी तर आहे," ती स्वतःशीच पुटपुटली, "कुणाला लागतेय?" अर्धी हवा गेली तेव्हा कव्हर बसलं. मित्रांनो, मी ओरडले. पण फुस्स म्हणण्यापलीकडे माझ्याकडे आवाज कुठला?

रविवारी दुपारी शेवटच्या मळ्याकडे उतरत होतो. रस्ता अरुंद, उतार असा की सावलीही घसरत जावी. एका टोकदार दगडावर मागची डावी बहीण गेली आणि धडाम! गाडी कलली. कॅप्टनने सांभाळून कडेला घेतली.

मी हरखले. आली माझी पाळी! कॅप्टनने कव्हर काढलं, बाटल्या बघितल्या, मला अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला.

"हवा कुठे गेली हिची?"

पाववाली आभाळाकडे बघायला लागली. "मी अगदी थोडीशी काढली होती गं. कव्हर बसत नव्हतं."

"थोडीशी? एवढ्या हवेवर गाडी पुढे नेली तर रिम जमिनीला टेकेल!"

दातवालीने फोन काढला. "पोराला बोलावू या. दोन तासांत येईल."

"फोन आत ठेव."

"अगं, पण संध्याकाळपर्यंत..."

"आत ठेव म्हणतेय ना! गाडी गेली तर मी काय करू घरी बसून? पडदे मोजू?" कॅप्टनचा आवाज चिरका झाला. तसा मी कधीच ऐकला नव्हता. मग त्यांनी खाली दरीकडे बघितलं. "खाली मळ्यात ट्रॅक्टर उभा आहे. ट्रॅक्टर म्हटला की हवेचं मशीन आलंच. हिला खाली नेऊ. काढा."

तिघींनी मला उतरवलं आणि उतारावर ढकलत निघाल्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, कॅप्टन पुढून रोखत. वळणावर पाववालीच्या चपलेत खडा गेला. "आई गं!" म्हणून तिने हात सोडला, दातवाली दचकली, कॅप्टन बाजूला झाल्या, आणि मी सुटले!

काय सांगू! इतक्या वर्षांची चुळबूळ एकदम पायात आली. वारा मागे राहिला. एक ससा शर्यत लावायला आला आणि दम लागून बसला. द्राक्षांच्या वेली बाजूला सरून उभ्या राहिल्या. उतार संपला तिथे दोन वाटा. सरळ गेलं तर उघडं फाटक आणि पलीकडे मोठा रस्ता, अख्खं जग. डावीकडे ट्रॅक्टरची शेड. मला जगाकडे जायचं होतं. फार जायचं होतं. पण वरून कॅप्टनची हाक आली, "अगं थांब गं!" चाकाला हँडल नसतं म्हणतात लोक. म्हणोत बापडे. मी डावीकडे झुकले.

मधे झाडाखाली जेवणाचं टेबल होतं, एवढंच चुकलं. पाहुणे उठून पळाले, थाळ्या उडाल्या, सूप आभाळात गेलं आणि मळेवाल्याच्या टोपीत उतरलं. मी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून थांबले. शेजारी शेजारी.

"कुणाचं आहे हे?" मळेवाला गरजला.

कॅप्टन धापा टाकत पोचल्या. "आमचंच. जरा आगाऊ आहे."

"माझ्या पाहुण्यांचं जेवण गेलं, बाई!"

तेवढ्यात पाववाली मागे फिरली. गुडघे धरत, पुटपुटत, पुन्हा अख्खा उतार चढली आणि गाडीतली टोपली घेऊन आली. परतीच्या वाटेवर खायला जपून ठेवलेलं सगळं तिने टेबलावर मांडलं. तिच्या हातचे अक्रोडाचे पाव, भाजलेली कोंबडी, दोन प्रकारचं चीज, नासपतीचा केक. आणि त्या चार बाटल्याही. पाहुण्यांनी बोटं चाटली. मळेवाल्याने टोपी पुसली, केकचा दुसरा तुकडा तोंडात टाकला आणि मशीन सुरू केलं.

पोटात हवा शिरली. अंगावरची सगळी नक्षी ताठ झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मी वर आले.

"मी लावून देतो चाक," मळेवाला म्हणाला.

"हवा दिलीत, उपकार झाले. चाक माझं मी लावते," कॅप्टन म्हणाल्या. एक नट हलेना, तर पान्यावर दोन्ही पायांनी उभ्या राहिल्या. गुडघा कुरकुरला तसं त्याला म्हणाल्या, "तू गप्प बस." आणि मी बहिणींच्या रांगेत जमिनीला टेकले, इतक्या वर्षांनी. पुढचा रस्ता मला दिसायला लागला! तिघी उपाशी, पण गाडीत गाणी चालू.

दारात मुलगा उभा. ऊन उतरलं होतं, पण दिवे लागायचे होते. त्याने गाडीभोवती चक्कर मारली. माझ्यापाशी वाकला. मागे लटकलेली फाटकी बहीण बघितली, मग माझे नट एकेक करून हाताने तपासले. सगळे घट्ट.

"पंक्चर झालं होतं?"

"झालं होतं."

"मग फोन का नाही केलास? रात्र झाली असती तर?"

"तर रात्री बदललं असतं."

त्याने माझ्या पाठीवर एक थाप मारली. मग खिशातून फोन काढला, गिऱ्हाइकाला लावला. "नाही हो, विकायची नाही. हो, नक्की. आई चालवते."

मित्रांनो, तुमच्याही घरात, अंगणात, गाडीमागे कुणीतरी टांगून ठेवलेलं असेल, कधी लागलंच तर म्हणून. सायकल असेल, शिलाई मशीन असेल, नाहीतर एखादी आजी. अधूनमधून कव्हर काढा, अंगठ्याने दाबून बघा, हवा आहे का. आणि जरा लवकर बघा हं. आम्हाला धीर नसतो.