मागची अकरा माणसं

आखातातल्या नईम मोहल्ल्यात रहिमतुल्लाच्या स्टुडिओत मेलेल्या माणसांचं रूप खुलायचं. रत्नागिरीहून कुणाच्या बापाचा जुना फोटो आला, की हा पठ्ठ्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे व्रण घालवायचा, अंगात कोट चढवायचा, मागच्या गोठ्याच्या जागी झकास पडदा सोडायचा. गिऱ्हाईक डोळे पुसत जायचं आणि ह्याची छाती फुगायची.

१९७९ च्या उन्हाळ्यात गोदीतले जर्मन इंजिनिअर केलरसाहेब वडिलांचा लढाईतला फोटो घेऊन आले. आई वारल्यावर तिच्या कपाटात सापडलेला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं थोडक्यात आटोपलं. मुलगा सुट्टीला येतोय, त्याला दाखवायचाय, मोठा करून द्या.

फोटोत गणवेशातला तरुण बाप होता, आणि मागे ट्रकपाशी गाठोडी घेऊन उभी असलेली माणसं. रहिमतुल्लानं नेहमीच्या मायेनं ती गर्दी पुसून टाकली आणि पडदा सोडला.

चार दिवसांनी साहेबांनी फोटो हातात घेतला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ती माणसं कुठायत?"

"काढली, साहेब. वडील कसे उठून दिसतात बघा."

"ज्यू होते ते. त्यांना मारायला नेत होते. मागे वडिलांच्याच अक्षरात लिहिलंय." साहेबांनी मूळ फोटो उलटून धरला. "आई जन्मभर सांगत राहिली, ते फक्त ट्रक चालवायचे. आता मुलगा विचारतोय, आजोबांनी काय केलं? मला आईसारखं करायचं नाहीये."

रहिमतुल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब, मूळ फोटो शाबूत होता. त्यानं नवी निगेटिव्ह काढली आणि संध्याकाळी साहेबांना शेजारी बसवून भिंग लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो मागच्या माणसांचे चेहरे उजळत होता. अकरा होती. एका म्हातारीनं दोन कोट एकावर एक घातले होते. एका पोरीच्या एकाच पायात बूट होता.

मग त्याची नजर बापावर गेली. बाप हसत होता. पडदा सोडताना तेच हसू त्याला गोड वाटलं होतं, आता बघवेना. त्याला शेजारी बसलेल्या साहेबांची फार दया आली. कसाही असला तरी बाप होता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हसू तेवढं मिटवू? दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही."

हो म्हणावं असं साहेबांना वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"नको," ते शेवटी म्हणाले. "आजोबा का हसतायत, हेच मुलगा आधी विचारेल."