गार औषध

चंद्राबाईंनी फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्यामागची औषधाची डबी काढली आणि मागच्या खोलीत नेऊन उन्हाच्या खिडकीत ठेवली. सून मंजुश्री मूल व्हायचं औषध घेत होती आणि गार औषधानं कूस गार पडते, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

मुलगा मंथन व्हायच्या आधी त्या स्वतः किती काढे प्यायल्या होत्या. शहापूरच्या ह्याच गल्लीत, हातमागाशेजारी उभी राहून सासू पेला रिकामा करून घ्यायची. नवऱ्याला मात्र कुणी चमचाभरही दिलं नव्हतं.

माग बंद करून मंथन जेवायला आला आणि त्यानं फ्रिज उघडला.

"माझी डबी कुठं गेली?"

"तुझी कसली? तिची खिडकीत ठेवलीय. तिला गार सोसायचं न्हाय."

मंथन धावत जाऊन डबी घेऊन आला. हातात दाबून पाहिली.

"अजून तापली न्हाय. आई, ह्यात जिवंत जंतू असतात, दह्यात असतात तसले. आणि हे मला दिलंय, रक्तातल्या साखरेच्या गोळीसंगं. साखरेनं माझ्यातच उणं पडलंय म्हणाले डॉक्टर. गुण येईलच असं न्हाय, पण बघूया म्हणाले."

मंजुश्री ताटं मांडत होती.

"तू माझं हाय म्हणालीस की गं," चंद्राबाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलासा तवा ह्यांचं तोंड एवढंसं झालतं, आत्या."

मंथननं ताट उगाच पुढे ओढलं.

तेवढ्यात समोरची नीलम कुंकवाचा करंडा घेऊन आली. चंद्राबाईंना कुंकू लावून म्हणाली, "उद्या नातवाचं बारसं. पाळण्याला तुम्ही पाहिजेच, आक्का."

करंड्याचं झाकण लागलं. मंजुश्री आधीच चुलीकडे वळली होती. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला असंच व्हायचं. चंद्राबाई एकट्या जायच्या, घुगऱ्या घेऊन परत यायच्या.

आज त्या नीलमकडे न बघता म्हणाल्या, "मंथन, गोळी घेतलास?"

"कुठली?"

"मूल व्हायची."

मंथननं आईकडे पाहिलं. साखरेची गोळी ताटाशेजारीच होती. तीच उचलली असती तर विषय तिथंच मिटला असता. त्यानं डबी उघडली, एक कॅप्सूल तळहातावर घेतली.

"आत्ता घेतो. नीलममावशी, औषध माझं चाललंय. हिला काय झालेलं न्हाय."

त्यानं ती पाण्याबरोबर गिळली आणि भाकरी मोडली.

नीलमनं करंडा पुन्हा उघडला. चुलीपर्यंत जाऊन मंजुश्रीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"तू बी ये गं, मंजू. बाळाला घ्यायला."

मंजुश्रीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती नीट फुगेपर्यंत थांबली.

"उद्या मागावरची साडी उतरायची हाय, काकू," ती म्हणाली. "उरकलं तर येईन."